उरलेले तास

दुर्घटनेचा घटनाक्रम लिहिताना सहसा शेवटचे चोवीस तास घेतात. विमान कोसळण्याआधीचे, धरण फुटण्याआधीचे. मूत्राशयाच्या कॅन्सरचा घटनाक्रम असा लिहिला तर तो खोटा ठरेल, कारण त्या चोवीस तासांत ठरण्यासारखं काहीच उरलेलं नसतं. म्हणून इथे काटा बराच मागे नेला आहे. माणूस आहे ह्यूबर्ट हम्फ्री. अमेरिकेचे उपाध्यक्ष, त्याआधी आणि त्यानंतरही मिनेसोटाचे सिनेटर, आणि मुळात साउथ डकोटातल्या वडिलांच्या औषधाच्या दुकानात गल्ल्यामागे उभे राहिलेले फार्मसिस्ट. शून्य तास म्हणजे 13 जानेवारी 1978 ची रात्र.

उरलेले तास : सुमारे 90,000 (1967)

लघवीत रक्त दिसलं. या रोगाची ही सगळ्यात फसवी खूण. बहुतेक वेळा दुखत नाही, लघवी एखाद-दोन दिवस लाल होते आणि आपली आपण निवळते. आपल्याकडे माणूस म्हणतो, उष्णता झाली असेल, आणि धने-जिऱ्याचं पाणी पितो. पुढच्या खेपेपर्यंत विषय संपला.

हम्फ्री उपाध्यक्ष होते, त्यामुळे त्यांची तपासणी तातडीनं झाली. लघवीचा नमुना गेला. असा नमुना फिरवून तळाचा गाळ काढतात, काचपट्टीवर पसरतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. गर्भाशयमुखाच्या चाचणीमुळे ज्यांचं नाव घरोघरी पोचलं त्या पापानिकोलाऊंनी ही लघवीची तपासणीही 1945 मध्ये मांडली होती. पेशीचं केंद्रक फुगलेलं, गडद, वेडंवाकडं दिसलं की शंका घ्यायची. पण शंका आणि निदान यांच्यामधली जागा तपासणाऱ्याच्या डोळ्यांवर सोपवलेली. एकाला कॅन्सर दिसतो, दुसऱ्याला नुसती जळजळ. हम्फ्रींच्या बाबतीत तज्ज्ञांचं एकमत झालं नाही. लक्ष ठेवायचं ठरलं.

उरलेले तास : सुमारे 80,000 (नोव्हेंबर 1968)

अध्यक्षपदाची निवडणूक. हम्फ्री निक्सन यांच्याकडून हरले, तेही एकूण मतांच्या एका टक्क्याहून कमी फरकानं. हे आजाराच्या कथेत का, असं वाटेल. थांबा, शेवटी लागेल.

उरलेले तास : सुमारे 35,000 (1973 ची अखेर)

आता निदानाबद्दल वाद उरला नव्हता. मूत्राशयाला क्ष-किरणांचा उपचार दिला गेला. मूत्राशय शाबूत ठेवून रोग जाळायचा, हा हेतू.

इथे शरीररचनेतली एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मूत्राशयाच्या आतलं अस्तर फक्त मूत्राशयाचं नसतं. मूत्रपिंडाच्या पोकळीपासून दोन्ही मूत्रनलिकांमधून खाली मूत्रमार्गापर्यंत हेच अस्तर पसरलेलं असतं. घराच्या एका भिंतीला ओल आली की आपण तेवढाच गिलावा खरवडून नवा लावतो. पण पाणी सगळ्याच भिंतींत मुरत असतं. तंबाखूच्या धुरातली कर्करोगकारक द्रव्यं रक्तातून लघवीत उतरतात आणि या सगळ्या अस्तराला वर्षानुवर्षं भिजवत राहतात. त्यामुळे मूत्राशय काढून टाकला तरी काही रुग्णांत, दोन-चार वर्षांनी, वरच्या मूत्रनलिकेत किंवा खाली उरलेल्या मूत्रमार्गात कॅन्सर पुन्हा उगवतो. आणि जो मूत्राशयाच्या भिंतीच्या स्नायूत घुसलेला असतो तो आणखी दुसऱ्या वाटेनं परततो. अस्तराशी त्याला देणंघेणं नसतं; ओटीपोटात, मूत्राशयाच्या रिकाम्या जागेतच तो मूळ धरतो.

उरलेले तास : सुमारे 11,000 (ऑक्टोबर 1976)

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात विलेट व्हिटमोर यांनी हम्फ्रींचा मूत्राशय काढला. हे काम त्या वेळी त्यांच्याहून जास्त जाणणारे फार थोडे असतील. पुरुषांत या शस्त्रक्रियेत मूत्राशयासोबत प्रोस्टेट आणि वीर्यकोशही जातात, ओटीपोटातल्या लसिकाग्रंथी खरवडून काढल्या जातात. लघवीला नवी वाट द्यावी लागते. 1950 मध्ये ब्रिकर यांनी रूढ केलेली पद्धत अशी: लहान आतड्याचा वीतभर तुकडा वेगळा काढायचा, त्याच्या एका टोकाला दोन्ही मूत्रनलिका शिवायच्या, दुसरं टोक पोटावर उघडायचं आणि त्यावर पिशवी चिकटवायची.

विचित्र योगायोग म्हणजे, शरीरात मूत्राशय राखण्याचं एक चांगलं हत्यार त्याच वर्षी प्रसिद्ध झालं. कॅनडात मोरालेस आणि सहकाऱ्यांनी वरवरच्या गाठी असलेल्या रुग्णांच्या मूत्राशयात बीसीजी सोडून पाहिली होती. होय, आपल्या दंडावर व्रण ठेवून गेलेली तीच क्षयाची लस. पण ती वरवरच्या रोगासाठी. हम्फ्रींचा रोग तोवर खोल गेला होता.

आज हीच शस्त्रक्रिया रोबोटनंही होते. भारतीय वंशाचे मणी मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये अशा 17 शस्त्रक्रियांचा अहवाल दिला. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात, टेबल डोक्याकडून खाली झुकवतात, पाच-सहा छोट्या छिद्रांतून नळ्या घालतात. सर्जन रुग्णापासून दूर एका पेटीसमोर बसलेला, डोकं दुर्बिणीत खुपसलेलं. बरेच जण पायाखालचे पेडल नीट कळावेत म्हणून बूट काढून बसतात. रुग्णाजवळ उभा असतो तो सहायक, हातात रक्त ओढणारी नळी घेऊन. रोबोट स्वतः काहीच ठरवत नाही. तो सर्जनच्या हाताची थरथर गाळतो आणि माणसाचं मनगट वळणार नाही अशा कोनात सुई वळवतो.

2018 मध्ये लॅन्सेटमध्ये छापलेल्या रेझर या अमेरिकी अभ्यासात दोन्ही पद्धतींचा हिशेब मांडला आहे. 350 रुग्ण घेतले होते, 302 जणांचं विश्लेषण झालं. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेला मध्यक 361 मिनिटं लागली, रोबोटला 428. रक्तस्राव उघड्या शस्त्रक्रियेत 700 मिलिलिटर, रोबोटमध्ये 300. आणि दोन वर्षं रोग पुढे न सरकता जगलेले: रोबोट 72.3 टक्के, उघडी 71.6 टक्के. म्हणजे रोबोटनं सातएक तास घेतले, रक्त निम्म्याहून जास्त वाचवलं, पण रोगाचं घड्याळ एका मिनिटानंही मागेपुढे झालं नाही. जाहिरातींत दुसरा आकडा असतो. तिसरा नसतो.

1976 च्या त्या शस्त्रक्रियेनंतर महिन्याभराच्या आत, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, हम्फ्री सिनेटवर पुन्हा निवडून आले. मोठ्या फरकानं.

उरलेले तास : सुमारे 3,500 (ऑगस्ट 1977)

आतडं अडलं. मिनेसोटा विद्यापीठाच्या रुग्णालयात पोट उघडलं, तर ओटीपोटात गाठ. काढता न येणारी. मलविसर्जनाची वाट पोटावर काढून दिली आणि पोट शिवलं.

यात रोबोट असता तर? सांगण्यासारखा फरक एकाच प्रकारात पडतो. मूत्राशय काढल्यावर रोग वरच्या मूत्रनलिकेत परतला असेल तर ते मूत्रपिंड आणि ती संपूर्ण मूत्रनलिका काढावी लागते, अगदी आतड्याच्या तुकड्याला शिवलेल्या टोकापर्यंत. पहिल्या शस्त्रक्रियेनं पोटात सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं. ते टोक पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना खेटून असतं, आणि तिथल्या शिरेची भिंत ओल्या कागदासारखी. मोठं करून दाखवणारी दुर्बीण आणि वळणारं मनगट यांचं मोल तिथे. शीर फाटलीच तर मात्र तासांचा हिशेब मिनिटांवर येतो. नळ्या काढून रोबोट बाजूला ढकलायचा आणि पोट उघडायचं. हम्फ्रींचा रोग या वाटेनं आलेलाच नव्हता. ओटीपोटाच्या हाडाला धरून बसलेल्या गाठीपुढे व्हिटमोरचा हात, रोबोटचा हात, सगळे सारखेच.

उरलेले तास : 2,000 च्या आत (ऑक्टोबरची अखेर)

अध्यक्ष कार्टर यांनी आपल्या विमानातून त्यांना वॉशिंग्टनला आणलं. केस गेलेले, गाल बसलेले, कोट खांद्यावरून सुटलेला. ज्यांच्या भाषणांच्या लांबीवर अर्धं वॉशिंग्टन हसायचं ते हम्फ्री पुन्हा सिनेटमध्ये उभे राहिले. त्याच सुमारास आरोग्य खात्याच्या मुख्य इमारतीला त्यांचं नाव दिलं गेलं.

उरलेले तास : 500 च्या आसपास (डिसेंबरची अखेर)

मिनेसोटातलं वेव्हरली गाव, तळ्याकाठचं घर. हातात फोन. हम्फ्री एकेकाला फोन करून निरोप घेत होते. एक फोन 1968 मध्ये त्यांना हरवणाऱ्या निक्सन यांना.

उरलेले तास : 24

यात वैद्यकीय असं लिहिण्यासारखं काही नाही.

शून्य

13 जानेवारी 1978, रात्री, वेव्हरली. वय 66. दोन दिवसांनी कॅपिटॉलच्या घुमटाखाली झालेल्या श्रद्धांजलीला निक्सन आले. अध्यक्षपदाच्या राजीनाम्यानंतर ते वॉशिंग्टनमध्ये पहिल्यांदाच पाय ठेवत होते. महिना संपायच्या आत हम्फ्रींच्या सिनेटमधल्या जागेवर पत्नी म्युरिएल यांची नेमणूक झाली.

शून्यानंतर सुमारे 1,40,000 तास (1994)

जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी हम्फ्रींच्या लघवीचा 1967 चा नमुना पुन्हा काढला. मधल्या काळात पीसीआर आली होती, म्हणजे डीएनएचा कणभर तुकडा लाखो पटींनी वाढवून वाचता येत होता. पी53 या जनुकावर त्यांनी नेम धरला. हे जनुक बिघडलं की पेशीचा ब्रेक निकामी होतो. 1976 मध्ये काढलेल्या गाठीत या जनुकात जो बिघाड होता, तोच 1967 च्या लघवीत सापडला. नऊ वर्षं आधी. काचपट्टीवर ज्याबद्दल तज्ज्ञांचं जमत नव्हतं ते त्या नमुन्यात होतंच.

तो नमुना घेतला तेव्हा हम्फ्री उपाध्यक्ष होते. अध्यक्षपदाची उमेदवारी त्यांनी जाहीर केली ती एप्रिल 1968 मध्ये.