किल्ल्यातल्या चिमण्या

पक्षी पाहायला कुठं जावं, असं कुणी विचारलं की मी आधी नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या भुईकोट किल्ल्याचं नाव घेतो. ऐकणारा हसतो. पण या जिल्ह्यातलं सर्वांत बारकाईचं पक्षीनिरीक्षण, माझ्या मते, तिथंच झालं. तेही कैदेत.

ऑगस्ट 1942 मध्ये काँग्रेस कार्यकारिणीची मंडळी या किल्ल्यात स्थानबद्ध झाली. नेहरूंनी इथं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मौलाना अबुल कलाम आझादांनी इथंच चिमण्यांवर लिहिलं, हे मात्र उर्दू वाचणाऱ्या घरांबाहेर फारसं गेलं नाही. ‘गुबार-ए-खातिर’ हा त्यांच्या पत्रांचा संग्रह 1946 मध्ये निघाला. त्यात मार्च 1943 ची चिमण्यांची पत्रं आहेत.

खोलीच्या छतात चिमण्यांनी घरटी मांडली होती. मौलानांनी आधी छत्री उगारली, मग बांबू. चिमण्या हटल्या नाहीत. शेवटी तह झाला. तांदळाचे दाणे टाकायचे आणि हालचाल न करता बसून राहायचं. हळूहळू पाखरं तळहातावरून दाणे टिपू लागली. भांडखोर नराचं नाव त्यांनी मुल्ला ठेवलं, निर्भय होता तो कलंदर, देखणी मादी मोती. (एका मौलानानं मुल्लाची अशी थट्टा करावी, याचं मला अजून हसू येतं.) एप्रिलमध्ये त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. त्यांच्या आजारपणात सरकारकडे विनंती करायलाही मौलानांनी नकार दिला होता.

अशी एकेका पाखराची ओळख पटवणारी नजर घेऊन कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीला जावं. हे अभयारण्य 1980 चं, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. लोक काळवीट पाहून परततात. पण गवतात धाविक असतो, चंडोल असतो, आणि थंडीत दूरदेशीचे भोवत्या गवतावरून तरंगत जातात. शेवगाव-नेवाशाकडे जायकवाडीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात बदकं उतरतात, रोहितही दिसतात. तिथं 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे.

माळढोकाची गोष्ट मात्र वेगळी. 1979 मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून त्याच्यासाठी साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं अभयारण्य कागदावर आखलं गेलं. त्यात गावं आली, शेतं आली, जमिनीचे व्यवहार अडले आणि लोकांचा राग पक्ष्यावर निघाला. 2012 मध्ये ते सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर कालव्याचं पाणी आलं होतं आणि माळ नांगरून ऊस उभा राहिला होता. आपल्याकडे गवताळ माळाला ‘पडीक’ म्हणतात. त्या एका शब्दानंच अर्धा नांगर फिरतो. आज देशभरात मोकळ्यावर उरलेले माळढोक दोनशेदेखील नाहीत. म्हणजे मौलानांसारखं एकेकाला नाव ठेवायचं म्हटलं, तर एक शाळकरी वही पुरेल.