औषधी वनस्पतींची सेंद्रिय लागवड : पनवेल परिसर
वैद्यकपरंपरा, आदिवासींची रानाची जाण आणि आधुनिक जीवशास्त्र यांच्या आधारे, रासायनिक खते व कीटकनाशके न वापरता औषधी वनस्पती पिकवण्याची पद्धत. पनवेलचे औषधांशी नाते जुने आहे. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ मध्ये श्री धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना येथेच सुरू केला. मात्र देशातल्या काष्ठौषधींचा मोठा वाटा आजही रानातूनच गोळा होतो आणि मूळ किंवा कंद हवा असला की अख्खे रोपच जाते. लागवडीची खरी निकड इथे आहे.

सफेद मुसळी हे याचे बोलके उदाहरण. क्लोरोफायटम बोरिव्हिलिॲनम या तिच्या शास्त्रीय नावात बोरिवली आहे. सांतापाव व फर्नांडिस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये ते दिले. पहिल्या पावसानंतर फुटणारी तिची कोवळी पाने फोडशी किंवा कुलू या नावाने ठाकूर, कातकरी बाया बाजारात आणतात. पाने खुडली तरी जमिनीतला गड्डा जगतो. औषधासाठी मुळ्या उपटल्या की रोप संपते. हा फरक त्यांना कोणी शिकवावा लागत नाही. पनवेलच्या औषधी शेतीचे पहिले जाणकार म्हणून त्यांचीच नोंद व्हायला हवी.

मुळे पाने झडल्यावर, शिशिरात किंवा ग्रीष्मात काढावीत, असे चरकसंहितेचे कल्पस्थान सांगते. मुसळीची पाने पावसाळा सरताच पिवळी पडून वाळतात. तोवर पानांनी तयार केलेले अन्न मुळ्यांत साठलेले असते, म्हणून साल तपकिरी होईपर्यंत मुळ्या जमिनीतच ठेवतात. बियांची उगवण कमी असल्याने लागण मुळ्यांनी होते. मुळीला गड्ड्याचा तुकडा असला तरच कोंब फुटतो. ऊतिसंवर्धनाने एकसारखी, निरोगी रोपे मिळतात, पण सारे शेत एकाच वाणाचे करणे धोक्याचे आहे.

खाडीकाठची खारी जमीन या पिकाला चालत नाही. तिथे भातच बरा. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने क्षार सोसणारे भाताचे वाण दिले आहेत. मुसळीला निचऱ्याची वरकस जमीन आणि गादीवाफे लागतात. लोहयुक्त तांबड्या मातीत स्फुरद अडकून राहते. मायकोरायझा बुरशी ते मुळांपर्यंत पोचवते. मूळकुजीवर ट्रायकोडर्मा ही बुरशी शेणखतात मिसळून देतात.

सुरपालाच्या वृक्षायुर्वेदातले कुणपजल हे द्रवखत याच वाटेवरचे आहे. या ग्रंथाचे हस्तलिखित ऑक्सफर्डला आहे. नलिनी साधले यांचा इंग्रजी अनुवाद १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्राण्यांचे मांस, चरबी व हाडे पाण्यात शिजवून, त्यात तिळाची पेंड, उडीद, दूध, तूप, मध इत्यादी घालून कुणपजल आंबवतात. सूक्ष्मजीव प्रथिनांचे विघटन करतात आणि त्यातला नत्र झाडाला घेता येतो.

सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी वार्षिक पिकांना साधारणपणे दोन आणि बहुवार्षिकांना तीन वर्षांचा रूपांतरकाळ धरतात. या काळात उत्पन्न घटू शकते, आणि तो भार लहान शेतकऱ्यावरच पडतो.