भंगारातली पवनचक्की

आज जरा लांबची गोष्ट, आफ्रिकेतल्या मलावी देशातली.

२००१ साली तिथे मक्याचं पीक बुडालं. सरकारने राखीव धान्य आधीच विकून टाकलं होतं. माणसं भुकेने मेली. कासुंगू जिल्ह्यातल्या विल्यम कामक्वांबाच्या घरी एक वेळचं जेवण उरलं, आणि फी थकली म्हणून चौदा वर्षांच्या पोराची शाळा सुटली.

तो वाचनालयात जाऊन बसू लागला. एका पुस्तकात त्याने पवनचक्कीचं चित्र पाहिलं. झालं, पोरगा भंगारात शिरला! ट्रॅक्टरचा पंखा आणला, मोडकी सायकल आणली. प्लास्टिकचे पाइप विस्तवावर मऊ करून, चपटे करून पाती केली. भोकं पाडायला तापवलेला खिळा. त्याला मूठ दाणे काढलेल्या कणसाची. वायसर म्हणून बाटल्यांची बुचं. अडलं ते डायनामोपाशी. आपल्याकडे सायकलच्या दिव्याला असायचा तोच. मित्र गिल्बर्टने खिशातले पैसे काढले आणि वाटेवरच्या एका सायकलवाल्याकडून तो विकत घेतला. विल्यमचं नाव झालं, पण हा गिल्बर्ट मला विसरवत नाही. तो आणि चुलतभाऊ जेफ्री, दोघांच्या हातभारानेच निलगिरीच्या वाशांचा मनोरा उभा राहिला.

लोक वेडा म्हणत. आईला घोर, याला मुलगी कोण देणार?

२००२ मध्ये पाती फिरली आणि विल्यमच्या हातातला छोटा बल्ब पेटला. पुढे घरात चार दिवे लागले, दोन रेडिओ वाजू लागले. मग मोबाइल चार्ज करायला त्याच्या दारात रांग लागू लागली.