छऱ्याच्या बंदुकीचा वॉशर

महूला पोस्टिंग होती तेव्हाची गोष्ट. एका रविवारी साताऱ्याहून भाच्याचा फोन आला, "मामा, पार्सल परत गेलं."

त्याच्या एअरगनच्या पिस्टनचं सील झिजलं होतं. स्प्रिंग ताणून घोडा दाबला की नुसता फुस्स आवाज यायचा आणि छर्रा टार्गेटच्या खाली लागायचा. त्यानं नवीन सील मागवलं. पाठवणाऱ्यानं इमानदारीत पाकिटावर 'बंदुकीचा भाग' असं लिहिलं आणि कुरिअरवाल्यानं ते वाटेतूनच माघारी धाडलं. रुपयाच्या नाण्याएवढी चकती ती! कॉलेजच्या टीमची निवड तीन आठवड्यांवर आलेली. "तुमच्या आर्मररकडं मिळेल का?" असं त्यानं विचारल्यावर मात्र मी त्याला झापला. कोतातला एक स्क्रूसुद्धा रजिस्टरला असतो, तो भाच्यासाठी नसतो.

फोन ठेवला, पण डोक्यातून ती चकती जाईना. हत्यार म्हणजे काय हे आम्हाला रंगरूट असल्यापासून पाठ. मग चकती हत्यार कशी? लायब्ररीत आर्म्स ॲक्ट काढून बसलो आणि बघता बघता दीडशे वर्षं मागं गेलो.

१८५७ मध्ये पोळलेल्या इंग्रजांनी १८७८ साली, लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना, हत्यारांचा कायदा आणला. हिंदी माणसाला बंदुकीसाठी लायसन्स, गोऱ्याला माफी. लोकांना लायसन्सपेक्षा हा भेद जास्त झोंबला. काँग्रेसनं १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच त्याविरुद्ध ठराव केला. (माफी मिळालेल्यांत कोडगूचे कोडवाही होते, आणि त्यांची सवलत आजही चालू आहे. आमच्या कोडव साहेबांना बंदुकीवरून कुणी छेडलं की ते नुसते मिशीत हसायचे.) १९३१ च्या कराची ठरावात मूलभूत हक्कांच्या यादीत नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्कसुद्धा होता.

तो हक्क पुढं राज्यघटनेत आला नाही. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी तो घालावा म्हणून दुरुस्ती सुचवली. कामत म्हणजे आयसीएस सोडून सुभाषबाबूंच्या मागं गेलेला माणूस, पुढं होशंगाबादहून लोकसभेवर गेले. उत्तर दिलं बाबासाहेबांनी. जो तो बाजारात जाऊन हवं ते हत्यार विकत घेऊ लागला तर राज्य चालवायचं कसं, हा त्यांचा मुद्दा. हत्याराच्या हक्कापेक्षा वेळ आल्यावर देशासाठी हत्यार उचलण्याच्या कर्तव्यावर त्यांचा भर होता. हे मी वाचत होतो ते महूत. सुभेदार रामजी सकपाळ इथंच लष्करी शाळेत शिकवायचे आणि १८९१ मध्ये बाबासाहेब इथंच जन्मले. सुभेदाराच्या पोराला हत्यार म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको होतं. मला तरी त्यांचं म्हणणं पटतं. ज्यानं कोताची किल्ली सांभाळलीय त्याला ते पटेलच.

पण मग १९५९ चा नवा कायदा आला, आणि चकतीची भानगड तिथं आहे. त्यात 'फायरआर्म'ची व्याख्या करताना स्फोटक 'किंवा दुसऱ्या कोणत्याही ऊर्जेनं' गोळी फेकणारं हत्यार असं म्हटलंय. दुसरी ऊर्जा म्हणजे हवासुद्धा. म्हणजे जत्रेत फुगे फोडायची बंदूकही त्यात आली. म्हणून १९६२ मध्ये सूट दिली गेली: पॉइंट १७७ पर्यंतचा बोअर आणि मर्यादित ताकद असेल तर लायसन्स नको. आपल्याकडं गावोगावच्या एअरगना पॉइंट १७७ च्या का, त्याचं उत्तर हे. पुढं प्राणिमित्रांनी तक्रार केली की या बंदुकांनी पाखरं मारली जातात, आणि २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं एअरगनलाही लायसन्स हवं असा निकाल दिला. तक्रार खोटी नव्हती. आमच्याच वाडीत पोरांनी पारवे पाडलेले मी पाहिलेत. शेवटी २०१६ च्या नियमांत रेघ ओढली गेली: साडेचार मिलिमीटर बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ताकद, तोवर सूट. दहा मीटर स्पर्धेतली रायफल जेमतेम सात-आठ ज्यूलची असते, म्हणजे ती रेघेच्या खूप आत.

इथवर सगळं ठीक. पण ही रेघ अख्ख्या बंदुकीसाठी आहे. सुट्या चकतीला ज्यूल कुठून आणायचे? कायद्यात 'आर्म्स' या शब्दात हत्यारांचे सुटे भागही धरलेत. कलम ४५ मध्ये किरकोळ भागांना माफी आहे, पण ती कधी, तर तो भाग जोडीच्या दुसऱ्या भागांबरोबर वापरायचा नसेल तेव्हा. म्हणजे स्प्रिंग कपाटात शोभेला ठेवणारा सुटला, आणि बंदूक दुरुस्त करायला आणणारा मात्र माफीबाहेर! शहाणा वकील म्हणेल की बंदुकीलाच सूट आहे तर तिच्या चकतीला आपोआप आहे. मलाही तसंच वाटतं. पण कुरिअरच्या काउंटरवरचा पोरगा वकील नसतो. त्याला नोकरी टिकवायची असते.

एका बाबतीत मात्र कायदा स्वच्छ आहे. आवाज कमी करणारी नळी हीच स्वतः 'फायरआर्म' धरलीय. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून गच्चीवर सराव करणारे हौशी लोक ती शोधत असतात. त्यांना सांगतो, त्या वाटेला जाऊ नका. परदेशातून काही आणायचं तर आयातीचं लायसन्स आलं. भारी स्पर्धा-रायफलीच्या हवेच्या सिलिंडरला कंपनीनं दिलेली मुदत असते, फार तर दहा वर्षं. ती संपली की सिलिंडर चांगला असला तरी स्पर्धेत चालत नाही. नामांकित नेमबाजाला संघटनेच्या कागदावर तो मिळतो, पण नुकत्याच सुरुवात केलेल्या, सेकंडहँड रायफल घेतलेल्या पोरानं काय करायचं?

भाच्याला मी जिल्हाधिकारी कार्यालयात रीतसर अर्ज करायला लावला. पोच मिळाली. उत्तर आलं नाही.

मग आमच्या जुन्या आर्मरर हवालदारानं आठवण करून दिली. पूर्वी एअरगनांना सील नसायचं, चामड्याचा वॉशर असायचा. महूच्या बाजारात म्हातारा मोची बसायचा, त्याला भाच्यानं पाठवलेली मापं दाखवली. त्यानं बुटाच्या तळव्याचं चामडं दोन वेळा चाचपलं, आरीनं गोल कापलं, वाटीसारखा कंगोरा वळवला आणि वीस रुपये मागितले. कशाला हवंय, हे विचारलंसुद्धा नाही. रात्रभर वॉशर तेलात भिजवला आणि रजेवर निघालो तेव्हा कागदात गुंडाळून खिशात टाकला.

निवडीला पाच दिवस उरले होते. भाच्यानं वॉशर बसवला आणि परड्यात दहा पावलांवर टार्गेट टांगलं. पहिला छर्रा नऊच्या वर्तुळात. दुसरा जरा डावीकडं. "मामा, अजून एक करून घ्यायला हवा होता," तो म्हणाला, "हा झिजला की मी काय करू?"