मूत्रपिंडविकारातील रक्तक्षय : एका उपचाराचा इतिहास



मूत्रपिंड म्हणजे रक्त गाळणारी चाळणी, असे आपण शाळेत शिकतो. ते खरे आहे, पण अपुरे आहे. हे लक्षात येण्यास डायलिसिसचा मोठा हातभार लागला. १९६० मध्ये अमेरिकेतील सिएटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी दीर्घकाळ डायलिसिस करणे शक्य करून दाखवले. रुग्ण जगू लागले. मात्र त्यांची हाडे दुबळी होत आणि रक्तक्षय हटत नसे. चाळणीचे काम यंत्राने केले, तरी काहीतरी उणे राहत होते.

हाडांचा एक धागा १९७० मध्ये हाती आला. केंब्रिज येथील फ्रेझर आणि कोडिचेक यांनी दाखवले, की ड जीवनसत्त्वाला कार्यक्षम रूप देणारी शेवटची पायरी मूत्रपिंडात घडते. म्हणजे मूत्रपिंड निकामी झाले, की नेहमीच्या ड जीवनसत्त्वाचा पुरेसा उपयोग होत नाही. म्हणून कॅल्सिट्रिऑल हे तयार कार्यक्षम रूप औषध म्हणून आले. पण तेही मोजूनच द्यावे लागते. जास्त झाल्यास रक्तातील कॅल्शियम वाढते.

आता रक्तक्षयाकडे वळू. तांबड्या पेशी तयार करण्याचा संदेश अस्थिमज्जेला देणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक मुख्यतः मूत्रपिंडात बनते, याचा पुरावा शिकागोच्या जेकबसन, गोल्डवासर आणि सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये मांडला. ते शुद्ध स्वरूपात मिळवायला आणखी वीस वर्षे लागली. जपानमधील मियाके यांनी रुग्णांचे तब्बल २,५५० लिटर मूत्र गोळा केले होते. त्यातून मिळाले काही मिलिग्रॅम. एवढ्यावर उपचार कसा होणार? फू-कुएन लिन यांनी त्याचे जनुक वेगळे केल्यावर हा प्रश्न सुटला. १९८७ मध्ये सिएटलच्याच एशबाख आणि सहकाऱ्यांनी २५ डायलिसिस रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुरेशी मात्रा मिळालेल्या रुग्णांना रक्त चढवण्याची गरज उरली नाही. वारंवार रक्त घेतल्याने शरीरात साचणारे लोह आणि काविळीचा संसर्ग या संकटांतून सुटका झाली. १९८९ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली.

इथून पुढचा भाग नीट लक्षात घ्या. हिमोग्लोबिन थोडे वाढवून इतका फायदा होतो, तर ते निरोगी माणसाइतके का करू नये? तर्क सरळ वाटतो. तो तपासला गेला. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हृदयविकार असलेल्या डायलिसिस रुग्णांच्या एका गटात तांबड्या पेशींचे प्रमाण ४२ टक्के, तर दुसऱ्यात ३० टक्के ठेवण्याचे लक्ष्य होते. चाचणी मुदतीपूर्वी थांबवावी लागली, कारण ४२ टक्क्यांच्या गटात मृत्यू आणि हृदयविकाराचे झटके जास्त दिसत होते. २००९ मधील ४,०३८ मधुमेही रुग्णांच्या चाचणीत औषध घेणाऱ्या गटात १०१ जणांना पक्षाघात झाला, दुसऱ्या गटात ५३ जणांना. २०१२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी मग स्पष्ट सांगितले, की या औषधाने हिमोग्लोबिन मुद्दाम १३ च्या वर नेऊ नये.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना यात ओळखीचे तत्त्व दिसेल. निरोगी मूत्रपिंड प्राणवायूची कमतरता जाणवेल तसे संप्रेरक वाढवते आणि गरज भागताच कमी करते. सुईने दिलेल्या औषधाला ही जाणीव नसते. ते काम नियमित रक्ततपासणी आणि डॉक्टरांचा निर्णय यांना करावे लागते. म्हणून आधी लोहाची कमतरता तपासतात, रक्तदाब पाहतात आणि मग मात्रा ठरवतात.

उणीव भरून काढणे आणि अहवालातील आकडा निरोगी माणसासारखा करणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीने असंख्य रुग्णांना बळ दिले. दुसरीची किंमतही रुग्णांनीच मोजली.

विचार करा : तुमच्या अभ्यासशाखेत लक्ष्य म्हणून धरलेला एखादा आकडा खरोखर कोणाच्या हिताचा आहे, हे कसे तपासाल?