गावातली दुसरी लेखणी

१९१० साली नवे मराठी पत्र काढणे ही शहाणपणाची गोष्ट नव्हती. लोकमान्य टिळक ‘केसरी’तील लेखांबद्दल झालेली शिक्षा मंडालेच्या तुरुंगात भोगत होते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत सरकारने नवा प्रेस ॲक्ट केला. नवा छापखाना घालणाऱ्याने किंवा नवे वृत्तपत्र काढणाऱ्याने ५०० ते २००० रुपयांपर्यंत अनामत ठेवावी, असे त्यात होते. ती माफ करण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटला होता खरा. पण मजकूर सरकारच्या मनास आला नाही, तर भरलेली रक्कम जप्त होऊ शके.

नेमके याच वर्षी नगर जिल्ह्यातील, नेवासे तालुक्यातल्या तरवडी गावच्या मुकुंदराव पाटलांनी ‘दीनमित्र’ सुरू केले. त्यांचे वय तेव्हा पंचविशीचे होते. पुढे १९६७ साली मुकुंदराव वारले, तोवर हे पत्र चालले. म्हणजे एका खेड्यातून, एका माणसाच्या हिमतीवर, ५७ वर्षे. सत्यशोधक चळवळीच्या इतिहासात ‘दीनमित्र’चा उल्लेख आदराने होतो; पण बहुधा त्यातील मतांसाठी होतो. ते टिकले कसे, हा प्रश्न कमी विचारला जातो. मला तोच प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. पत्रे काढणारे पुष्कळ झाले, पण ती चालवणारे थोडेच निघाले.

मुकुंदराव नवशिके असले तरी अगदी निराधार नव्हते. ते कृष्णराव भालेकरांचे पुत्र. भालेकरांनी १८७७ च्या १ जानेवारीला पुण्यात ‘दीनबंधु’ काढला. जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापला त्याला तेव्हा चार वर्षेही झाली नव्हती. पुढे भालेकरांकडून तो सुटला आणि नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतून चालवला. तरवडीच्या पाटील घराण्यातील गणपतरावांनी १८८८ मध्ये ‘दीनमित्र’ नावाचे मासिक काढले होते. गणपतराव अकाली वारले आणि मासिक बंद पडले. याच घराण्यात मुकुंदराव दत्तक गेले. भालेकरांचा मृत्यूही १९१० सालचाच. म्हणजे जन्मदात्याच्या हातून सुटलेले काम मुकुंदरावांनी हाती घेतले, आणि त्याला नाव दिले ते दत्तक घरात बंद पडलेल्या मासिकाचे.

स्वतःचे पत्र हवे, ही गरज सत्यशोधकांना अनुभवातून कळली होती. जोतीरावांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’चा सुरुवातीचा भाग ‘दीनबंधु’त छापला गेला आणि पुढचा छापायचे थांबले. आपल्याच माणसांच्या पत्रात ही गत झाली, याचा जोतीरावांना राग होता. दुसऱ्याच्या पत्रात लिहिणाऱ्याला दुसऱ्याच्या धीराइतकेच लिहिता येते, असा धडा त्यातून कोणीही घेतला असता.

नगर जिल्ह्याला नियतकालिक नवे नव्हते. अमेरिकन मराठी मिशनने ‘ज्ञानोदय’ १८४२ सालीच अहमदनगरातून सुरू केला होता. पण त्यामागे एक संस्था होती, परदेशातून येणारा पैसा होता. संपादक बदलले तरी पत्र चालू राही. एकट्याने चालवलेल्या नियतकालिकाचे ठळक उदाहरण म्हणजे विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’. १८७४ ते १८८१ या सात वर्षांत तिचे ८४ अंक निघाले आणि जवळजवळ सगळा मजकूर शास्त्रीबुवांचा. परंतु ती पुण्यातली होती आणि तिचा वाचक शाळा-कॉलेजातला होता. तरवडीला यातले काहीच नव्हते. दौंड-मनमाड रेल्वे नगर, राहुरी, बेलापूर अशी निघून गेली. नेवासे तालुका तिच्या बाजूलाच राहिला. १९११ च्या खानेसुमारीत हिंदुस्थानात साक्षर माणसे शंभरात जेमतेम सहा भरली. खेड्यातल्या शेतकऱ्यांत हे प्रमाण काय असेल, याची कल्पना करता येते.

मग पत्र चालले कशावर? माझ्या मते तीन गोष्टींवर.

पहिली गोष्ट टपाल. १८९८ च्या पोस्ट ऑफिस ॲक्टाप्रमाणे वृत्तपत्राची नोंदणी टपाल खात्याकडे करता येई आणि मग ते सवलतीच्या दराने जाई. त्यासाठी दोन मुख्य अटी होत्या: दोन अंकांत ३१ दिवसांपेक्षा जास्त अंतर नसावे आणि वर्गणीदारांची खरीखुरी यादी असावी. या कोरड्या अटींत पत्र चालवण्याची सगळी शिस्त आली आहे. अंक वेळेवर निघाला पाहिजे आणि तो कोणाकडे जातो हे ठाऊक पाहिजे. व्ही. पी.ची सोय १८७७ पासून होती, मनिऑर्डरची १८८० पासून. त्यामुळे वर्गणी गोळा करायला शहरात पेढी लागत नसे. गावाला रेल्वे नसली तरी चालत होते. पोस्टमन येत होता एवढे पुरेसे होते. आणखी एक गोष्ट कायद्यानेच झाली. १८६७ च्या ॲक्टाप्रमाणे छापणाऱ्याचे व प्रकाशकाचे नाव, तसेच ठिकाण अंकावर छापावे लागे. सरकारला ते नजर ठेवण्यासाठी हवे होते. परिणाम असा झाला की मुंबई-पुण्याच्या रांगेत तरवडी हे नाव अंकामागून अंक छापले गेले.

दुसरी गोष्ट विषयाची. त्या काळी गावात सरकारी कामाची लेखणी एकाच घरात असे, आणि ते घर कुलकर्ण्याचे. जमिनीचे दप्तर, साऱ्याचा हिशेब, पावती, अर्ज, सगळे त्याच्या हातचे. शेतकऱ्याला सरकार दिसे ते कुलकर्ण्याच्या अक्षरात, आणि ते अक्षर त्याला वाचता येत नसे. दप्तरात काय लिहिले यावर जमीन राही किंवा जाई. अशा गावात दुसरी लेखणी उभी राहणे याचा अर्थ मतप्रदर्शनापुरता नव्हता. दप्तराबाहेर गावाची आणखी एक नोंद होऊ लागली, असा तो होता.

मुकुंदरावांचे ‘कुलकर्णी लीलामृत’ १९१३ चे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुलकर्णी वतन बंद केले ते १९१८ मध्ये, आणि मुंबई राज्यात त्यासाठी कायदा झाला तो १९५० मध्ये. म्हणजे पुस्तक लिहिल्यापासून कायदा होईपर्यंत ३७ वर्षे गेली. एवढ्या काळात लेखकाचा उत्साह टिकत नाही, चळवळींची नावे बदलतात, मित्र पांगतात. प्रश्न मांडणारे आणि प्रश्नाचा शेवट पाहणारे पत्र एकच असावे, असे आपल्याकडे क्वचित घडले. ‘दीनमित्र’च्या बाबतीत ते घडले.

तिसरी गोष्ट कानांची. ‘लीलामृत’ या नावावरूनच लक्षात येईल की मुकुंदरावांनी पोथीचा घाट उचलला. ‘शिवलीलामृत’ गावोगाव वाचले जाई; एक वाची आणि पंधरावीस जण ऐकत. ज्याला अक्षर येत नाही त्याला ओवी येते. पोथी ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्यांपुढे तोच घाट ठेवून त्यात कुलकर्ण्याचे पराक्रम भरायचे, ही युक्ती नुसती विनोदाची नव्हती. साक्षरता शंभरात सहा असेल तेव्हा वर्गणीदारांच्या संख्येवरून वाचकांची संख्या काढता येत नाही. ज्ञानेश्वरी याच नेवाशात सांगितली गेली, हे या तालुक्यातल्या कोणालाही सांगावे लागत नाही. सांगितलेले आणि ऐकलेले मराठी ही तिथली जुनी रीत होती. मुकुंदरावांनी ती छापखान्याला जोडली.

येथे एक आक्षेप घेता येईल. मुकुंदरावांच्या पाठीशी गावातले पाटलाचे घर होते. पाटीलही वतनदारच, आणि पाटील-कुलकर्णी चुरस जुनी. त्यामुळे हे धैर्य की भाऊबंदकी, असे कोणी विचारील. आक्षेपात तथ्य आहे. पाय रोवायला घर होते म्हणून पत्र टिकले, हे मान्य केलेच पाहिजे. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला. शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपये दिले होते. त्याच वर्षी बाबासाहेब शिक्षणासाठी लंडनला गेले आणि १९२३ मध्ये पत्र बंद पडले. ‘मूकनायक’चे मोल वर्षांत मोजता येत नाही, पण बूड टेकायला जागा नसलेल्या समाजाला पत्र चालवणे किती कठीण होते, ते या दोन आकड्यांवरून कळते. मात्र मुकुंदरावांनी ‘शेटजी प्रताप’ही लिहिले. सावकारावर लिहिणाऱ्याचा हेतू निव्वळ कुलकर्ण्याशी हिशेब चुकता करण्याचा होता, असे म्हणता येणार नाही.

शहराकडे न जाणे हाही एक निर्णयच होता. ब्राह्मणेतर चळवळ भरात आली तेव्हा पालेकरांची ‘जागृति’ बडोद्यातून निघू लागली, श्रीपतराव शिंद्यांचा ‘विजयी मराठा’ पुण्यातून. शहरात छापखाने होते, सभा होत्या, पुढारी होते. पुढाऱ्यांचे पक्ष बदलले की पत्रांची दिशा बदले. तरवडीतून पुढारी दूर होते आणि बांध जवळ होता.

एकट्याच्या पत्राचा शेवट मात्र ठरलेला असतो. र. धों. कर्व्यांचे ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ पासून चालले आणि १९५३ मध्ये ते गेल्यावर संपले. ‘दीनमित्र’चेही तसेच झाले. ज्या हाताने पत्र टिकते तोच गेला की ते टिकत नाही. ही त्यातली उणीव.

आज तरवडीत मुकुंदरावांचे स्मारक आहे आणि त्यांच्या नावाने साहित्य पुरस्कार दिले जातात. हे चांगलेच झाले. पण पत्राचे खरे स्मारक म्हणजे त्याचे अंक. वर्गणीदारांच्या यादीवरून ते घरोघर गेले, म्हणजे ग्रंथालयांपेक्षा जास्त प्रती एकेकाळी माळवदाच्या घरांत होत्या. पोथ्यांच्या बासनात, खरेदीखतांच्या पेटीत त्यातला एखादा अजून असू शकेल. जुने घर पाडताना आपण दागिन्याचा डबा आणि जमिनीचे कागद आधी बाहेर काढतो. उरलेली रद्दी देण्यापूर्वी एकदा पान उलटून छापल्याचे ठिकाण पाहावे. तेथे तरवडी असेल, तर तो कागदही त्याच जमिनीचा आहे.