खोटे क्षितिज

मीरा-भाईंदरमधील उत्तनपासून दक्षिणेला गोराई, वर्सोवा, जुहू करीत वांद्र्यापर्यंत जाणाऱ्या किनाऱ्यावरून दिवसा पाहिले, तर पाणी आणि आकाश यांना विभागणारी रेषा स्वच्छ दिसते. काळोख्या रात्री ती नाहीशी होते. १ जानेवारी १९७८ च्या रात्री या नाहीशा झालेल्या रेषेपायी २१३ माणसांचा जीव गेला.

एअर इंडियाच्या पहिल्या बोइंग ७४७ विमानाचे नाव होते ‘सम्राट अशोक’. १९७१ मध्ये ताफ्यात आलेले हे विमान त्या रविवारी रात्री सव्वाआठच्या सुमारास सांताक्रूझहून दुबईला निघाले आणि दोन मिनिटे होण्याच्या आत वांद्र्यासमोर अरबी समुद्रात कोसळले. १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी यांपैकी कोणीही वाचले नाही. आरंभी घातपाताचा संशय घेतला गेला. तपासात त्याला आधार मिळाला नाही.

उड्डाणानंतर विमानाने उजवीकडे हलके वळण घेतले आणि ते पुन्हा समतल झाले. कॅप्टन मदनलाल कुकर यांच्यासमोरचे कृत्रिम क्षितिज मात्र विमान उजवीकडे कललेलेच दाखवीत राहिले. पडताळून पाहण्यास बाहेर खरे क्षितिज नव्हते. तो कल सुधारण्यासाठी त्यांनी विमान डावीकडे झुकवले आणि ते काटकोनापलीकडे कलंडले. विमानाची नियंत्रणे शाबूत होती. दिलेली प्रत्येक आज्ञा ती पाळत होती.

साहित्याच्या अभ्यासकाने थांबावे असे स्थळ पुढे आहे. कक्षातील ध्वनिमुद्रणात कॅप्टन आपले उपकरण बिघडल्याचे सांगतात. सहवैमानिक आपलेही बिघडल्याचे म्हणतो. ते बहुधा ठीक होते आणि खरा, डावीकडचा कल दाखवीत होते. फ्लाइट इंजिनिअर ‘त्यावर जाऊ नका’ अशा अर्थाचे बजावतो. पण ‘त्यावर’ म्हणजे कशावर? दोन उपकरणे परस्परविरुद्ध साक्ष देत असताना त्या सर्वनामाचा संदर्भ ठरवण्यास अवधी उरला नव्हता.

भारतीय चौकशीने निष्कर्ष काढला, की उपकरण बिघडल्यावर कॅप्टनना विमानाच्या स्थितीचे भान राहिले नाही आणि अन्य उपकरणांच्या आधारे विमान सावरले गेले नाही. नातेवाइकांनी अमेरिकेत विमान व उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांवर दावे लावले. सिअॅटलच्या न्यायालयाने १९८५ मध्ये ते फेटाळले. त्याच वर्षी ‘सम्राट कनिष्क’ बॉम्बस्फोटात नष्ट होऊन ३२९ जण मृत्युमुखी पडले आणि ‘अशोक’ची आठवण झाकोळली गेली.

उरला तो ‘वैमानिकाची चूक’ हा शेरा. तो असत्य नाही, पण अपुरा आहे. अंधारात शरीराच्या जाणिवेपेक्षा उपकरणावर विश्वास ठेवावा, हेच वैमानिकाला शिकवलेले असते. कुकर यांनी ती शिकवण पाळली. समोरची साक्ष दुसऱ्या साक्षीशी ताडून पाहणे तेवढे राहून गेले. मृतांवर दोष ठेवताना या दोन्ही गोष्टी एकत्र सांगणे, एवढा न्याय इतिहासलेखनाने त्यांना द्यायला हवा.